खर्ड्याचे तीन संगणक

खर्डा म्हटले की इतिहासप्रेमी माणसाला १७९५ चा मार्च आठवतो. मराठ्यांनी वेढलेल्या तेथील किल्ल्यात निजाम अडकला; तोफा, हत्ती सारे असून पाण्यावाचून कोंडी झाली आणि तह करावा लागला. आम्ही त्या गावी गेलो ते मात्र पिशवीत पक्कड आणि तारा तपासण्याचे यंत्र घेऊन. एका पतसंस्थेच्या छोट्या कार्यालयातील तीन संगणक व एक प्रिंटर यांचे आपसांतील बोलणे बंद पडले होते. हिशेब एकात, छपाई दुसऱ्यापाशी, आणि दारात ऊसतोडीला निघण्यापूर्वी पासबुकावर शिल्लक छापून मागणारी माणसे. ट्रक संध्याकाळी सुटणार होता.

अशा वेळी खालून वर जावे. प्रथम वीज, मग तार, मग पत्ता आणि सर्वांत शेवटी संगणकातील आज्ञावली. बहुतेक जण नेमके उलटे करतात व चांगला चाललेला संगणक उघडून बसतात. स्विचवरचा एक दिवा मिणमिणत होता. तार बदलताच तो स्थिर झाला. जुनी तार सोलून पाहिली, तर तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम! स्वस्त म्हणून घेतलेली ही तार वाकवली की आतून तुटते. तार निखळ तांब्याचीच घ्यावी, चारही जोड्यांचा पीळ टोकापर्यंत राखावा, लांबी १०० मीटरच्या आत ठेवावी आणि विजेच्या तारेला लगटून ती नेऊ नये.

तरीही प्रिंटर गप्पच. दोन संगणकांचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होत होते, तिसऱ्याचा १९२.१६८.० ने. एका घरात दोन कारभारी! कोणी हौसेने घरचा जुना राऊटर आणून जोडला होता आणि तोही पत्ते वाटीत बसला होता. त्याचे पत्तेवाटप थांबवले, प्रिंटरला कायमचा पत्ता दिला, आणि पासबुके छापू लागली.

राहता राहिले अर्थिंग. कोरड्या जमिनीत ते निकामी होते. मग विजेचा लोळ यंत्रांतून वाट काढतो. खड्ड्यात कोळसा व मीठ होते, ओल नव्हती. अधूनमधून बादलीभर पाणी ओता, असे सांगताच शिपाईमामा म्हणाले, "साहेब, उन्हाळ्यात आम्हालाच टँकर पुरत नाही, जमिनीला कुठून पाजू?" प्रश्न रास्त होता. हात धुण्याचे पाणी तिकडे वळवायचे ठरले.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामांच्या कार्यालयांतही आता संगणक आले आहेत. विवाह ठरला की बाप्तिस्म्याचा ताजा, बहुधा सहा महिन्यांच्या आतील दाखला मागतात. विवाहानंतर त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीत व्हावी, असा धर्मसंहितेच्या ५३५ व्या कलमाचा दंडक आहे. कामासाठी परमुलखी गेलेल्या कुटुंबाला तो दाखला मिळेपर्यंत बोहल्यावर चढता येत नाही. म्हणून नोंदी संगणकात उतरवल्या तरी शाईची वही जपावी. दुसरी प्रत ज्या डिस्कवर घ्याल ती काम होताच काढून वेगळ्या इमारतीत ठेवावी. सदैव जोडलेली डिस्क त्याच विजेने, त्याच विषाणूने जाते. आणि कपाटाची किल्ली दोघांकडे असावी, एकट्या फादरांकडे नको. त्यांची बदली होते.