चांदी, व्हाइट की कॅप?

नवा फोन घ्यायचा तर आपण काय काय करतो? आठ रिव्ह्यू बघतो, चार मित्रांना पिडतो, ऑफिसातल्या त्या एका गॅजेट गुरूला कॉफी पाजतो. फोन टिकणार जेमतेम तीन-चार वर्षं! पण जी वस्तू दिवसातून तीन वेळा (चकणा धरला तर पाच वेळा) वापरायची असते, ती निवडायला आपल्याला मिळतात दोन मिनिटं. तीही 'आ' केलेल्या अवस्थेत, तोंडात कापसाचे बोळे असताना. डेंटिस्ट विचारतात, "व्हाइट भरू ना?" आपण म्हणतो, "आं." झालं, डील फायनल!

मी सध्या या विषयातली अर्धी तज्ज्ञ झालेय, ती माझ्या खालच्या डाव्या दाढेच्या कृपेनं. सात वर्षांपूर्वीचं व्हाइट फिलिंग झिजून खोलगट झालंय. दाताची कड त्याच्यावर उभी राहिलीय आणि शेंगदाणा चावला की कळ थेट कानात! डेंटिस्ट मॅडमनी दोन पर्याय दिले. पुन्हा व्हाइट, नाहीतर कॅप. कॅपसाठी उरलेला चांगला दातही चहूबाजूंनी घासावा लागतो आणि घासलेला दात परत उगवत नाही. माझं वय एकतीस. या दाढेनं अजून चाळीस वर्षं तरी काढायचीत. म्हटलं, मॅडम, दोन दिवस द्या.

घरी विषय काढला तर बाबांचा निकाल तयार. "काय ते व्हाइट-बिइट! चांदी भरून घे. माझी बघ, 1994 साली सांगलीत भरली, अजून सुपारी फोडतोय."

बाबांचा मुद्दा खोटा नाही. चांदी म्हणजे अमाल्गम. त्यात जवळजवळ निम्मा पारा आणि बाकी चांदी, कथील, तांबं. झिजेच्या बाबतीत हा गडी एकदम दणकट. पण तो दाताला चिकटत नाही. त्याला अडकून बसायला जागा हवी म्हणून चांगला दातही कोरावा लागतो. शिवाय हसलं की काळं दिसतं ते वेगळंच. त्यात पाऱ्याचं प्रदूषण. पाऱ्याचा वापर कमी करायचा मिनामाता करार 2013 मध्ये झाला, भारतानं त्याला 2018 मध्ये मान्यता दिली. युरोपियन युनियननं तर 1 जानेवारी 2025 पासून, अगदी वैद्यकीय गरज असेल तेवढी सोडून, चांदी बंदच केली. आमच्या मॅडमही ती भरत नाहीत. मात्र बाबांसारखी नीट बसलेली चांदी उगाच उकरून काढायची नसते, कारण काढतानाच पाऱ्याची वाफ जास्त सुटते. सो, बाबा सेफ!

आता व्हाइट. म्हणजे कॉम्पोझिट. राफेल बोवेन या अमेरिकन संशोधकाला 1962 मध्ये ज्या रेझिनचं पेटंट मिळालं, तिथून याची गोष्ट सुरू होते. फंडा सिंपल आहे, अगदी काँक्रीटसारखा. रेझिन म्हणजे सिमेंट आणि त्यात काचेची किंवा सिलिकाची बारीक पूड म्हणजे खडी. सुरुवातीच्या कॉम्पोझिटमध्ये ही खडी जाडीभरडी होती. चावताना मधलं मऊ रेझिन आधी झिजायचं, खडी उघडी पडायची आणि मग एकेक कण निखळायचा. पुण्यातल्या रस्त्यांचं जुलैमध्ये जे होतं, डिट्टो तेच! दाढेत भरलेली अशी फिलिंग्ज वर्षाला शंभर मायक्रॉन किंवा त्याहूनही जास्त झिजायची. मग खडी बारीक होत गेली, आता तर नॅनोमीटरच्या मापात आली. त्यामुळे आजची चांगली कॉम्पोझिट्स झिजेच्या बाबतीत दाताच्या बरीच जवळ पोचलीत.

'दाताच्या जवळ' म्हणजे? तर दातही झिजतो! दातावरचं इनॅमल हा शरीरातला सगळ्यात कडक पदार्थ. वजनानं 96 टक्के खनिज. तरी दाढा जिथे एकमेकींना टेकतात, तिथे ते वर्षाला साधारण तीस मायक्रॉन झिजतं. केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. म्हणजे फिलिंगला सतत झिजणाऱ्या शेजाऱ्यासोबत राहायचंय. ते जास्त झिजलं तर माझ्यासारखा खड्डा पडतो. आणि कमी झिजलं तर?

त्याचं उत्तर आमच्या आईच्या तोंडात आहे. तिच्या वरच्या दाढेवर बारा वर्षांपूर्वी सिरॅमिकची कॅप बसवली. चावताना उंच लागत होती, म्हणून डॉक्टरांनी तिथल्या तिथे घासून कमी केली आणि पाठवून दिलं. परत पॉलिश केलीच नाही. वर सगळी गुळगुळीत चकाकी, पण नेमकी चावायची जागा पॉलिश पेपरसारखी खरखरीत! कॅप आजही ठणठणीत आहे. तिच्याखालची आईची स्वतःची, कधीच न किडलेली दाढ मात्र सपाट झालीय. आता गार पाणी प्यायलं की ती डोळे मिटून घेते. बिघडलेल्या दाताची दुरुस्ती झाली आणि किंमत मोजली चांगल्या दातानं.

म्हणजे सगळ्यात कडक तेच सगळ्यात भारी, असं काही नसतं. दगडापेक्षा वीट मऊ, हे दाढेलाही लागू! जुन्या लोकांच्या सोन्याच्या कॅप्स समोरच्या दाताला त्रास देत नसत, त्या उगाच नाही. आणि गंमत बघा, झिरकोनिया हा इनॅमलपेक्षा कितीतरी कडक. पण त्याला आरशासारखं पॉलिश केलं तर तो समोरच्या दाताला साध्या पोर्सेलीनपेक्षा कमी झिजवतो. म्हणजे नुसत्या कडकपणापेक्षा खरखरीतपणा जास्त घात करतो.

मग माझं फिलिंग इतकं का झिजलं? मॅडमनी आरसा हातात दिला आणि शेजारचे सुळे दाखवले. टोकं सपाट. "झोपेत दात खाता का?" मला काय माहीत, मी झोपलेली असते! पण नवऱ्यानं साक्ष दिली. क्वार्टर एंडला आवाज वाढतो म्हणे. दिवसा क्लायंटच्या कॉलवर गोड हसायचं आणि रात्री दातओठ खायचे, अशी विभागणी झालेली दिसतेय. जेवताना दात एकमेकांना अगदी थोडाच वेळ टेकतात. रात्रीचं हे घासणं मात्र मधे अन्न नसताना, पूर्ण जोर लावून चालतं. त्यापुढे कुठलंही फिलिंग काय करणार?

तर माझा निर्णय झाला. कॅप नाही, पुन्हा व्हाइट, आणि रात्रीसाठी नाइट गार्ड. कडांचा दात चांगला उरलाय, तो घासायला माझं मन होत नाही. नाइट गार्ड अॅक्रिलिकचा असतो, दातापेक्षा मऊ. दाताऐवजी त्यानं झिजायचं, हेच त्याचं काम. झिजला की नवा बनवता येतो. तो लावून मी बॉक्सरसारखी दिसते, पण नवऱ्याची झोप सुधारलीय!

तुमचा निर्णय कदाचित वेगळा असेल. दात फारच पोखरला असेल किंवा रूट कॅनाल झालेली दाढ असेल, तर बऱ्याचदा कॅपच लागते. पण तीन प्रश्न नक्की विचारा. माझा स्वतःचा दात किती उरलाय? समोरच्या दाताचं काय होईल? आणि उंची कमी केल्यावर परत पॉलिश करणार ना? फक्त हे सगळं 'आ' करायच्या आधी विचारा. नंतर तुमचं "आं" म्हणजे होच धरलं जातं.