लिहिता येतं, वाचता येत नाही

११ जुलै २००६, मंगळवार
साडेसहानंतर फोन लागेनात. टीव्हीवर पट्टी: लोकलमध्ये स्फोट. खार, वांद्रे, माहीम, जोगेश्वरी, मीरा रोड. मग आमचंच बोरिवली. सगळे फर्स्ट क्लासचे डबे. ह्यांचा पास सेकंडचा. तेवढाच आधार.
हे मध्यरात्री आले. अंधेरीपर्यंत चालत, पुढे कुणाच्या तरी टेम्पोतून. रस्त्यावर लोक पाणी, बिस्किटं वाटत होते म्हणाले.

१२ जुलै
झोप नाही. पहाटे संगणक लावला. 'मुंबई हेल्प' ब्लॉगवर लोक रात्रभर लिहितायत. हॉस्पिटलांचे नंबर, रक्त कुठे हवं, कोण सापडत नाही. डिसेंबर २००४ला त्सुनामीच्या वेळीही मुंबईच्या ब्लॉगरांनीच असं काम उभं केलं होतं. तेव्हा नुसतं वाचलं.
न्यू जर्सीहून एका मुलीचा निरोप. बाबा, वय ६३, भाईंदर, फोन बंद.
भगवती हॉस्पिटल रिक्षाने दहा मिनिटं. जखमींची यादी भिंतीवर डकवलेली. वहीत उतरवून घेतली, घरी येऊन माझ्या ब्लॉगवर टाकली. मराठीत, इंग्रजीत. एरवी तिथे पुस्तकांवर लिहिते. वाचणारे आठ-दहा.
सासूबाई : "परक्यांची नावं कशाला गं लिहीत बसलीस?"

१३ जुलै
यादीत तिचे बाबा आहेत. तिची एका ओळीची मेल, स्पेलिंगं सगळी चुकलेली.
भेटून आले. कानाचे पडदे फाटलेत. कागदावर लिहून दाखवलं, मुलीने पाठवलंय. "तुम्ही तिच्या कोण?" फार मोठ्याने विचारलं. वॉर्डातले सगळे वळून बघायला लागले. काय लिहावं सुचेना.

१४ जुलै
पेपरात पुन्हा 'मुंबई स्पिरिट'. ब्लॉगवर एकजण चिडलाय: कामावर गेलो नाही तर पगार कोण देणार? त्याखाली भांडण. मग एका वस्तीबद्दल घाण घाण. त्याच पानावर 'ओ निगेटिव्ह तातडीने'.

१६ जुलै
ब्लॉग उघडेना. माझा नाही, कुणाचाच नाही. नेटवाल्याला फोन. "मॅडम, लाइन ओके आहे."
तिला विचारलं. न्यू जर्सीत उघडतोय. बोरिवलीची यादी बोरिवलीत दिसत नाही.

१७ जुलै
ब्लॉगर डॉट कॉम चालू. ब्लॉगस्पॉट बंद. लिहिता येतं, वाचता येत नाही.

१८ जुलै
दिल्लीहून १३ तारखेला आदेश निघालाय म्हणतात. सरकारने मोजकी पानं सांगितली होती, नेट कंपन्यांनी अख्खं ब्लॉगस्पॉट झाकलं. जिओसिटीज, टाइपपॅडसुद्धा.
संध्याकाळी सहा पंचवीसला भोंगे. दोन मिनिटं उभ्या राहिलो, मी आणि सासूबाई. वरण उतू गेलं.

१९ जुलै
एकाने वाट सांगितली. पीकेब्लॉग्ज. पैगंबरांच्या व्यंगचित्रांच्या वादात यंदाच पाकिस्तानात ब्लॉगस्पॉट बंद केलं, तेव्हा तिथल्या ब्लॉगरांनी काढलेली. तिथून माझं पान उघडलं.
हे मागे उभे. टीव्हीवर आयएसआय, लष्कर-ए-तैयबा.
"कुठून उघडलंस?"
सांगितलं. काही बोलले नाहीत. चहा मागितला.

२१ जुलै
आमच्याकडे बंदच. माहिती अधिकारात अर्ज करायचं घाटतंय. कायदा लागू होऊन वर्षही झालं नाही. फी दहा रुपये. मसुदा मेलवर फिरतोय. मी एक वाक्य घातलं: पानं लोकांच्या उपयोगाची होती, ती का झाकली?

२३ जुलै
उघडला. कुणी काही कळवलं नाही. हळूहळू सगळीकडे सुरू होतंय म्हणे.

२५ जुलै
तिची मेल. बाबा घरी आले. ऐकू येत नाही, आणि फोन मात्र थांबत नाही. आईच घेते. चॅनेलवाले, विमावाले, सरकारी मदत मिळवून देतो म्हणणारा एक. सगळ्यांना नाव, वय, वॉर्ड पाठ. "ताई, ती यादी काढाल का?"
काढली. अख्खी.

२६ जुलै
गूगलवर त्यांचं नाव टाकलं. माझं पान गेलं, पण साठवलेली प्रत आहे. शिवाय आणखी काही ब्लॉगांवर तीच यादी, माझ्या चुकांसकट उचललेली. सगळ्यांना मेल केल्या. दोघांनी लगेच काढली.

२७ जुलै
तिसऱ्याचं उत्तर आलं. यादी लोकांच्या उपयोगाची आहे, का झाकू?
खाली सही नाही. ब्लॉगवर शोधलं, तिथेही नाव नाही. टोपणनावाने लिहितो.