सही कोणाची?

आमच्या कन्येने परवा लायब्ररीतून नॅन्सी ड्र्यू आणली आणि 'बाबा, तुम्ही वाचलंय का हे?' असं विचारलं. वाचलंय का! सातवीत भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचलंय. भूगोलाच्या मार्कांनी ते घरी कळवलंही होतं.

'द सीक्रेट ऑफ द ओल्ड क्लॉक', मालिकेतलं पहिलंच, १९३० सालचं. म्हातारा क्रॉली मरतो, मृत्युपत्र काही सापडत नाही. वकिलाची ही पोर मोटार काढते आणि जुन्या घड्याळातून एक वही हुडकते. वहीत लिहिलेलं असतं, की मृत्युपत्र बँकेच्या लॉकरात आहे. आणि लॉकर कुणाच्या नावावर? भलत्याच! लहानपणी इथे मी टाळ्या पिटल्या होत्या. आता बँकेत वीस वर्षं खर्डेघाशी केल्यावर पहिला प्रश्न पडला, तो लॉकर देणारा क्लार्क कोण? त्याला मेमो कसा नाही मिळाला? सौ. म्हणाली, 'पानं घेतलीयत.'

बरं, नॅन्सी मुळात १६ वर्षांची. १९५९पासून जुनी पुस्तकं नव्याने लिहून काढली, त्यात ती १८ची झाली. २९ वर्षांत दोन वर्षं! आमच्या प्रमोशनचा वेग साधारण हाच.

पण खरं रहस्य मुखपृष्ठावर आहे. लेखिका म्हणून कॅरोलिन कीन असं छापलेलं असतं, आणि अशी बाई कधी नव्हतीच! स्ट्रॅटमेयर नावाच्या गृहस्थांनी कथानक द्यायचं, लिहिणाऱ्याने पुस्तक लिहायचं, एकरकमी पैसे घ्यायचे आणि नावाचं नाव काढायचं नाही. हे पहिलं पुस्तक लिहिलं मिल्ड्रेड बेन्सन या बाईने, १२५ डॉलरांत. पहिल्या ३० पुस्तकांपैकी २३ तिची. १९८०मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात प्रकाशकांची जुंपली, बाई साक्षीला उभी राहिली, तेव्हा कुठे चारचौघांत बोलबाला झाला. म्हणजे ५० वर्षांनी.

'मग इतकी वर्षं ती गप्प कशी बसली?' कन्येने विचारलं.

मी पाणी प्यायलो. आमच्या शाखेतून हेड ऑफिसला जाणारं प्रत्येक पत्र मी लिहितो. सही साहेबांची. गेल्या मार्चमध्ये साहेबांना उत्तम पत्रलेखनाबद्दल वरून शाबासकी आली. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. मी मनातल्या मनात कोर्टात उभा राहिलो.

'जोशी,' साहेब म्हणाले, 'आभाराचं पत्र जरा फक्कड होऊ द्या.'

झालंही फक्कड.