सोमवारची निळी गोळी

मुलांनो, सोमवारी जेवणाच्या सुट्टीनंतर अनेक शाळांत निळ्या रंगाची एक गोळी वाटतात. तुमच्या शाळेतही वाटत असतील. काही मुले ती मुकाट्याने गिळतात. काही मुले मात्र ती हळूच खिडकीबाहेर टाकतात. मी शिक्षिका आहे, म्हणून मला हे ठाऊक आहे! पण आज मी तुम्हांला रागावणार नाही. आज मी माझीच एक चूक सांगणार आहे.

ही २०१४ सालची गोष्ट. मालेगावातील मुलींच्या एका उर्दू शाळेत मी मराठी शिकवत होते. मालेगाव हे यंत्रमागांचे शहर. तेथे दिवसरात्र मागांचा खडखडाट चालू असतो. माझ्या आठवीच्या वर्गात तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. वाचायला उभी केली, की दोनच ओळींत तिला धाप लागायची. दुपारी तर ती बाकावर डोके ठेवून पेंगायची. एकदा मी सगळ्या वर्गासमोर तिला ‘आळशी’ म्हटले. ती काहीच बोलली नाही. नुसती मान खाली घालून उभी राहिली.

पुढच्याच आठवड्यात ती प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली. आम्ही तिला सावलीत नेले, पाणी पाजले.

“सकाळी काय खाल्लेस?” मी विचारले.

“चहा-पाव, मॅडम.”

“आणि काल रात्री?”

ती थोडी थांबली. मग म्हणाली, “चहा-पावच.”

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. एकाच खोलीचे घर. तिची अम्मी कोपऱ्यात बसून कांड्या भरत होती. ही मुलगी पहाटे उठून पाणी भरी, धाकट्या भावंडांचे आवरी आणि शाळेतून आल्यावर अम्मीच्या हाताखाली काम करी. हे ऐकून मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. ती आतून पांढुरकी दिसत होती. रक्त तपासले. हिमोग्लोबिन होते फक्त ८! त्या वयाच्या मुलीला ते निदान १२ तरी हवे.

हिमोग्लोबिन आपल्या श्वासातला प्राणवायू शरीरभर पोहोचवते. ते तयार होण्यासाठी लोह लागते. लोह कमी पडले, की दम लागतो, झोप येते, अभ्यासात लक्ष लागत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला तो आळस वाटतो.

२०१३ पासून सरकार १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी आठवड्यातून एक लोहाची गोळी देते. ती आमच्या शाळेतही येत होती. पण या मुलीने ती कधी घेतलीच नव्हती. ‘त्या गोळीने पोट बिघडते,’ असे मोहल्ल्यात बोलत. मी गोळ्या वाटत होते. पण त्या कशासाठी घ्यायच्या, हे मी एकदाही सांगितले नव्हते.

म्हणून आता सांगते. गोळी रिकाम्या पोटी घेऊ नका, जेवणानंतर घ्या. शौचाचा रंग काळा झाला, तर घाबरू नका. जेवणाबरोबर चहा पिऊ नका, कारण चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. तासभर थांबून प्या. मसूर, हरभरे, बाजरीची भाकरी, पालेभाजी खा. जमेल तेव्हा कलेजी खा. वरून लिंबू पिळा. आणि नेहमी थकवा वाटत असेल, तर सोमवारच्या गोळीवर अवलंबून राहू नका. दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्या.

डॉक्टरांनी त्या मुलीला रोज घ्यायच्या गोळ्या दिल्या. अम्मीने रात्रीचा चहा बंद करून डाळ-भात सुरू केला. तीन-चार महिन्यांनी एके दिवशी ती पूर्ण धडा न थांबता वाचून गेली. तेव्हा मी वर्गासमोरच तिची माफी मागितली. ती लाजून हसली आणि म्हणाली, “मॅडम, पुढचा धडापण वाचू का?”

मुलांनो, तुमच्या शेजारी बसणारा कोणी रोज पेंगत असेल, तर त्याला हसू नका. त्याने सकाळी काय खाल्ले, ते विचारा. आणि मग आपल्या शिक्षकांना सांगा.