काउंटरच्या आत

जून संपता संपता आमच्या ग्रंथालयाच्या दाराशी ओल्या छत्र्यांची रास पडते आणि काउंटरपुढे नव्या पोरांची रांग लागते. हातात फीची पावती, खिशात दोन फोटो, अर्धवट भरलेला बीटी कार्डाचा फॉर्म. "मामा, अकाउंट्सचं सेम वनचं द्या ना." हे मामा कोणाचेच सख्खे मामा नव्हेत, पण ग्रंथालयातल्या परिचराला दुसरी हाक मारलेली मी तरी ऐकलेली नाही. मामा चिठ्ठी घेतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि कपाटांच्या बोळात दिसेनासे होतात. परत येतात ते "ते बाहेर गेलंय, हे चालेल का?" असं म्हणतच. हे म्हणजे त्याच विषयाचं, दुसऱ्या लेखकाचं, कधी कधी गेल्या अभ्यासक्रमाचंही. पोरगं मान डोलावतं. तारखेचा शिक्का धप्पकन बसतो. पुढचा!

एवढ्या व्यवहारात त्या पोरानं पुस्तकांचं कपाट काही पाहिलेलं नसतं.

तसं नव्या सत्रात ग्रंथालय पुष्कळ देतं. सूचनाफलकावर यादीच लागलेली असते: बीटीवर घरी न्यायला दोन पुस्तकं, गरजूंना पुस्तकपेढीतून सत्रभरासाठी संच, मागच्या परीक्षांच्या प्रश्नपत्रिकांची फाईल, आणि अभ्यासिका, जिथली निम्मी टेबलं स्पर्धा परीक्षावाल्यांनी सकाळीच अडवलेली असतात. यातलं काहीच कमी मोलाचं नाही. खेड्यातून एसटीनं येणाऱ्या मुलीला पुस्तकपेढीचा संच मिळाला, तर तिच्या घरचा केवढा तरी खर्च वाचतो. पण मला विचाराल तर देण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट त्या यादीत नसते. ती म्हणजे कपाटांमधून मोकळं हिंडायची मुभा. ती बहुतेक ठिकाणी कुलपात असते.

ही मुभा हवी, असं ठासून सांगणारे डॉ. एस. आर. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले आणि काही दिवसांतच तिथल्या एकांताला इतके विटले की मला परत शिकवायला घ्या, असं सांगायला आपल्या जुन्या प्राचार्यांकडे गेले. आधी विलायतेत जाऊन या, मग बघू, असं ठरलं. लंडनमधल्या एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनोचं खेळणं पाहिलं. पट्ट्या त्याच, स्क्रू तेच, पण जोडाल तशी वस्तू नवी! विषयांचीही अशीच जोडणी करता येईल, हे तिथं सुचलं आणि पुढं १९३३ मध्ये त्यांचं कोलन वर्गीकरण छापून आलं. त्याआधी, १९३१ साली, त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले होते. त्यातला तिसरा मला फार आवडतो. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, असा त्याचा आशय. वाचक निदान चिठ्ठी लिहून मागू तरी शकतो. पुस्तकाला ती सोय नाही. ते नजरेस पडावं लागतं. म्हणून मुक्तद्वार, असा रंगनाथनांचा सरळ हिशेब होता. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आपण ग्रंथपाल दिन म्हणून पाळतो. फोटोला हार घालतो, नारळ फोडतो, आणि फोटोमागच्या कपाटाची किल्ली ड्रॉवरमध्येच राहते.

कुलपाला कारणही आहे. ते पोरांच्या लबाडीत कमी आणि ऑडिटच्या धाकात जास्त आहे. पुस्तकं वापरली जाणार, त्यातली काही हरवणार, हे सरकारलाही मान्य आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत वर्षाकाठी दिल्या-वाचल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागं पाच गहाळ होणं वाजवी धरलं आहे. मात्र त्यात निष्काळजीपणा किंवा अप्रामाणिकपणा नसावा, आणि हजार रुपयांवरचं किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं तर चौकशी व्हावी. एवढी सवलत कागदावर असूनही साठा पडताळणीचे दिवस आले की ग्रंथपालाची झोप उडतेच. न सापडलेलं पुस्तक आपल्याच नावावर मांडलं जाईल, ही भीती काही नियमानं जात नाही. मग दार बंद ठेवणं सोपं. न वाचलेल्या पुस्तकाबद्दल आजवर कोणाला मेमो मिळालेला नाही.

आणि आत शिरून मिळतं तरी काय? शेजार मिळतो. आमच्याकडे ड्यूईची दशांश पद्धत आहे, १८७६ सालची, अमेरिकन. तिच्यात साहित्याला ८०० चा आकडा. इंग्रजीला ८२०, जर्मनला ८३०, फ्रेंचला ८४०. उरलेल्या जगाची ८९० मध्ये दाटीवाटी. मराठी साहित्य ८९१.४६, म्हणजे वाड्याच्या मागच्या खोलीतला भाडेकरू, आणि तोही कोकणीसोबत खोली वाटून घेणारा. ज्ञानेश्वरी कुठं ठेवायची यावर तर अजून एकमत नाही: एखाद्या ग्रंथालयात ती २९४.५ वर हिंदू धर्मात भेटते, दुसरीकडे ८९१.४६१ वर कवितेत. मला विचारलं तर दोन्हीकडे एकेक प्रत ठेवावी; पण ते असो.

तर या ८९१.४६१ च्या फळीवर पुस्तकं कवींच्या आडनावानं लागतात. पेपरला मर्ढेकर आहेत म्हणून मुलगा मर्ढेकर शोधायला येतो. काउंटरवर त्याला मर्ढेकर मिळतात, बस्स. फळीपाशी उभा राहिला तर मर्ढेकरांच्या पलीकडे महानोर असतात, त्यांच्यापुढं शरच्चंद्र मुक्तिबोध. महानगराच्या कवीला हात घालावा आणि कोपर रानातल्या कवितांना लागावं, हे कुठल्याही अभ्यासक्रमात बसत नाही. वर्णमालेनं ते सहज घडवलेलं असतं.

हा शेजार आमच्याकडे ज्यांना हमखास लाभतो, ती पोरं म्हणजे 'कमवा आणि शिका'वाली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी श्रम आणि शिक्षण यांची जी सांगड घातली, तिच्यावरच १९४७ साली साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहिलं. आज ही योजना महाराष्ट्रभर आहे. यातल्या काहींना ग्रंथालयाचं काम मिळतं. परत आलेली पुस्तकं जागेवर लावायची, उसवलेल्या पुठ्ठ्यांना खळ लावायची, पाठीवर आकड्यांच्या पट्ट्या चिकटवायच्या. बीकॉमची एक मुलगी दुपारी घोड्यावर चढून वरच्या फळीवरची पुस्तकं फडक्यानं पुसत असते. एक पुसते, उघडते, मागच्या पानावरची तारखेची चिठ्ठी बघते. शेवटचा शिक्का कित्येक वर्षांपूर्वीचा, जांभळा, उडत चाललेला. मग ती तिथंच, घोड्यावर, पाय लोंबकळत सोडून वाचायला लागते. मामांना दिसतं. ते मुद्दाम दुसऱ्या बोळातून जातात.

प्राध्यापकांना कपाटांत जायला आडकाठी नसते, आणि तेच जात नाहीत. फोनवर सांगून पुस्तकं विभागात मागवतात आणि वर्षानुवर्षं विसरतात. सत्राच्या तोंडावर मागणीपत्रं येतात तीही घाईत, प्रकाशकाच्या यादीवर खुणा करून. अनुदान मार्चअखेर संपवायचं म्हणून खरेदी मार्चमध्ये, आणि अभ्यासक्रम बदलतो जूनमध्ये. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आल्यापासून तर कपाटंच्या कपाटं एका झटक्यात जुनी झाली.

पडद्यावरचं ग्रंथालय मात्र भराभर वाढतंय, आणि मी त्याच्या विरोधात नाही. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची एन-लिस्ट योजना २०१० पासून तालुक्याच्या कॉलेजांपर्यंत ई-पुस्तकं आणि संशोधनपत्रिका पोचवते. जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' सुरू झालं: ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, आणि पहिल्या टप्प्यात सरकारी संस्था. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला भर पावसात घरबसल्या हवा तो शोधनिबंध मिळतो, ही चैन आमच्या शिक्षकांच्या पिढीच्या स्वप्नातही नव्हती. फक्त तिथं नेमकं काय हवं ते आधी टंकावं लागतं. अठरा वर्षांच्या पोराला ते कुठून माहीत असणार?

यंदा आमच्या ग्रंथपाल मॅडमनी जुलैचे पहिले पंधरा दिवस काउंटरची फळी उचलून ठेवली. अट एकच: काढलेलं पुस्तक परत फळीवर घुसवायचं नाही, टेबलावर ठेवायचं. मामांनी दोन दिवस तोंड फुगवलं. मग स्वतःच पोरांना बोळ दाखवत फिरू लागले. संध्याकाळी टेबलावर ढीग पडायचा. कॉस्टिंगच्या पुस्तकाखाली हस्तसामुद्रिक, त्याखाली विहिरीच्या मोटारींची दुरुस्ती, दलित आत्मकथनं, मोडीचं अंकलिपीसारखं एक पातळ पुस्तक. मॅडम लावायला देण्याआधी एका वहीत सगळी नावं उतरवून घेत. मधमाशीपालनाचं एक फाटकं पुस्तक त्या वहीत इतक्यांदा आलं की त्यांनी पुढच्या सत्राच्या मागणीपत्रात त्याच्या नव्या आवृत्तीच्या चार प्रती घातल्या. कागद समितीत फिरला. वाणिज्य विभागाच्या सरांनी सही केली आणि विचारलं, "हे कुठल्या पेपरला?"