हे दुखणे लपवू नका

ताप आला तर माणूस चारचौघांत सांगतो. कंबर धरली, साखर वाढली, हेही सांगतो. परंतु शौचाच्या वेळी रक्त पडले की तो ना बायकोला सांगतो, ना भावाला. आम्ही गेली वीस वर्षे कारकुनी करतो. शेकडो रजेचे अर्ज आमच्या टेबलावरून गेले असतील, पण कारणाच्या जागी 'मूळव्याध' लिहिलेला एकही अर्ज आम्ही पाहिला नाही. तिथे 'पोटदुखी' असते, नाहीतर 'घरगुती अडचण'. वस्तीत तपासणी शिबिराची नावे लिहून घेतानाही हाच अनुभव. धुळ्याकडच्या एक मावशी सगळ्या बाया निघून जाईपर्यंत थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, हाई गोट कोनले सांगू?"

ही लाज आजची नाही. विनयपिटकातील महावग्गात मगधाचा राजा बिंबिसार याची हकिकत आहे. राजाला भगंदर झाले होते. वस्त्राला रक्ताचे डाग पडत. राण्या थट्टा करीत की महाराजांना पाळी आली, आता लवकरच बाळंत होणार! राजा ओशाळून जाई. शेवटी त्याने अभय राजकुमाराला सांगितले, चांगला वैद्य बघ. अभयाने जीवकाला पाठविले आणि जीवकाच्या लेपाने राजा बरा झाला. पुढे राजाने याच जीवकावर भगवान बुद्ध व भिक्खू संघाच्या सेवेचीही जबाबदारी सोपविली. यातून आम्ही एवढेच घेतो की थट्टा राजाचीही झाली, पण तो बोलला तेव्हाच त्याला उपाय सापडला.

आता दुखणे काय ते समजून घेऊ. शौचाच्या जागेच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकालाच असतात. वरचेवर जोर करावा लागला की त्या फुगतात, खाली सरकतात. हीच मूळव्याध. आतल्या कोंबातून लालभडक रक्त पडते, बहुधा शौच झाल्यावर, थेंब थेंब किंवा पिचकारीसारखे, आणि दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच माणूस दुर्लक्ष करतो. बाहेरच्या कोंबात रक्त गोठले तर मात्र निळसर गाठ येऊन बसवत नाही. अशा वेळी दोन-तीन दिवसांतच डॉक्टरांकडे जावे. शौचाला काचेने कापल्यासारखे होत असेल, नंतरही बराच वेळ आग होत असेल, तर ती बहुधा चीर असते, ज्याला डॉक्टर फिशर म्हणतात. शेजारी छिद्र पडून पू येत असेल तर ते भगंदर. लोक या तिन्हींना मूळव्याधच म्हणतात. उपाय मात्र वेगवेगळे आहेत.

आपल्या खानदेशात हे का होते ते पाहा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. अंगातले पाणी घामावाटे निघून जाते आणि शौच खडा होतो. कापूस वेचणीला गेलेल्या बाया दिवसभर मुद्दाम पाणी कमी पितात, कारण शेतात आडोसा नसतो. आलेली कळ दाबून ठेवतात. रावेर-यावलकडे केळीचे घड वाहणारे मजूर, तासन् तास सीटवर बसणारे ड्रायव्हर, गरोदर बाया, यांनाही हा त्रास जास्त. मिरचीला सगळा दोष दिला जातो. तिखटाने आग वाढते हे खरे, पण मूळ दोष बद्धकोष्ठाचा आणि जोर करण्याचा. मोबाईल घेऊन संडासात अर्धा तास बसणाऱ्या तरुणांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

पथ्य गरिबाला परवडणारे आहे. ज्वारी-बाजरीची नाहीतर कळण्याची भाकरी, सालासकट डाळी, मेथी, अंबाडी, पेरू. पाव, बिस्कीट आणि मैद्याचे पदार्थ कमी करावेत. पाणी भरपूर प्यावे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल तर किती प्यावे ते डॉक्टरांना विचारावे. रात्री इसबगोल घ्यायचा तर त्यावर पेलाभर पाणी हवेच, नाहीतर उलट अडून बसते. कळ आली की जावे, कुंथू नये. घमेल्यात सोसवेल इतके कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटे बसावे, दिवसातून दोन-तीनदा. मूळव्याध व चीर दोन्हींना याने आराम पडतो. बहुतेकांचे काम एवढ्यावर आणि मलमावर भागते. कोंब मोठे असतील तर रबराचे कडे बसवून ते सुकवतात. त्याला बहुधा दाखल व्हावे लागत नाही. ऑपरेशनची पाळी थोड्यांवरच येते.

पण बंधू-भगिनींनो, पथ्याच्या आधी तपासणी. रक्त पडते म्हणजे मूळव्याधच, हे घरबसल्या ठरवू नये.

आमच्या वस्तीतील एक हमाल दोन वर्षे 'बिनऑपरेशन, खात्रीशीर' अशी पाटी लावलेल्या एका माणसाकडून पुड्या आणत होते. त्या माणसाने एकदाही तपासले नाही. रक्त शौचात मिसळून येऊ लागले, वजन उतरले, कधी जुलाब तर कधी बंद. आम्ही त्यांना दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी बोटाने तपासले आणि तिथेच गाठ लागली. कॅन्सर होता. मुंबईला मोठे ऑपरेशन झाले. आज ते पोटावर पिशवी लावून जगतात, नातवाला शाळेत सोडतात. दोन वर्षे आधी ते बोट लागले असते तर कदाचित एवढे सोसावे लागले नसते, असे ते स्वतःच सांगतात.

दुसरी हकिकत त्या मावशींची. त्यांची मूळव्याधच होती. पण लपवून लपवून हिमोग्लोबिन सहावर आले होते. बाईचे निदान बारा असावे. दम लागतो तो वयामुळे, असे घरचे समजत होते. थोडे थोडे रक्त रोज गेले तरी वर्षाचा हिशेब मोठा होतो.

म्हणून या खुणा पाठ करा. काळे, डांबरासारखे शौच (लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, तरी दाखवावे), शौचात मिसळलेले रक्त किंवा आव, उतरणारे वजन, बदललेली शौचाची सवय, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर. यांपैकी काहीही असेल, किंवा चाळिशीनंतर पहिल्यांदा रक्त दिसले, तर थांबू नका. तरुण आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. रक्त थांबत नसेल, चक्कर येत असेल, तर त्याच तासाला दवाखाना गाठा.

जळगावच्या सिव्हिलला 2018 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे. धुळ्याला चक्करबर्डीत भाऊसाहेब हिरे महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. सकाळी केसपेपर काढून शल्यचिकित्सा विभागात जावे. रेशनकार्ड व आधार सोबत ठेवावे. ऑपरेशन सांगितले तर महात्मा फुले योजनेत ते बसते का, हे आरोग्यमित्राला विचारावे. बोटाची तपासणी एका मिनिटाची असते. आतून दुर्बिणीने पाहायचे म्हटले तरी घाबरू नये. बाईला बाई डॉक्टर हवी असेल तर तसे सांगावे. त्यात कमीपणा नाही.

मावशी आता गोळ्या घेतात, पाण्याची बाटली घेऊन शेतात जातात आणि सोबतच्या बायांनाही प्यायला लावतात. तुमच्याही घरात कुणी गप्प राहून सोसत असेल. आज जेवणानंतर शांतपणे विचारा. थट्टा करू नका, आणि डॉक्टरांकडे जाताना सोबत जा.