तांबरम ते पार्क : एका फुटबॉलवेड्याची वारी

आपल्याकडे पाऊस ओसरला की मैदाने जागी होतात. चेन्नईत गणित उलटे आहे. येथे खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात कोसळतो, आणि व्यावसायिक फुटबॉलचा हंगामही वर्षानुवर्षे त्याच सुमारास भरात आलेला असतो. त्यामुळे तांबरमचा फुटबॉलशौकीन निळा शर्ट चढवतो आणि आभाळाकडे बघत घराबाहेर पडतो.

तांबरम हे चेन्नईचे दक्षिणेकडील उपनगर. हवाई दलाचा तळ, १९३७ साली येथे आलेले मद्रास ख्रिश्चन कॉलेज, त्याभोवतीची दाट झाडी आणि लोकलचे गजबजलेले स्थानक. मुंबईत विजेची गाडी १९२५ साली धावली, तर मद्रास बीच ते तांबरम १९३१ साली. मुंबईकर पाहुण्याला म्हणूनच येथे फारसे परके वाटत नाही. पल्लावरम, गिंडी, मांबलम, एग्मोर करीत गाडी पार्क स्थानकात पोहोचते. तेथून नेहरू स्टेडियम पायी गाठता येते. परतताना मांबलमला साड्यांच्या पिशव्यांसह कुटुंबेच्या कुटुंबे डब्यात शिरतात, आणि हरलेल्या सामन्याची चर्चा आपोआप थांबते!

मी मूळचा कोल्हापूरचा, नोकरीनिमित्त तांबरमला आलेला. आमच्याकडे फुटबॉल पेठेचा आणि तालमीचा. पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा सामना शाहू स्टेडियमवर असला की घरातल्या घरात अबोला धरला जातो. संघ निवडावा लागत नाही, जन्माबरोबरच मिळतो. आणि येथे? चेन्नईयिन एफसीचा जन्मच मुळी २०१४ चा, मालकांत अभिषेक बच्चन आणि महेंद्रसिंग धोनी. असा संघ लोकांना आपला कसा वाटावा?

उत्तर २०१५ च्या डिसेंबरने दिले. महिन्याच्या पहिल्याच दिवसांत चेन्नईवर महापूर आला. अड्यार नदीचे पाणी तांबरमच्या पश्चिमेला मुडिचूरच्या वस्त्यांत घुसले, लोकांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. शहरात सामना खेळवणे अशक्य होते, म्हणून कोलकात्याविरुद्धचा घरचा उपांत्य सामना थेट पुण्याला, बालेवाडीत हलवला गेला. चेन्नईच्या संघाने तो ३-० असा जिंकला. पुढे २० डिसेंबरला फातोर्ड्यात अंतिम सामना, तोही गोव्याच्या संघाशी, गोव्याच्याच अंगणात. नव्वदाव्या मिनिटापर्यंत गोवा २-१ ने पुढे होता. मग बरोबरी झाली आणि भरपाई वेळेत कोलंबियाच्या मेंडोझाने विजयी गोल मारला. घरातला चिखल अजून पुरता निघाला नव्हता अशा माणसांना त्या रात्री हसायला कारण मिळाले. तेव्हापासून हा संघ नुसता नटनट्यांचा राहिला नाही.

दुसरे विजेतेपद मार्च २०१८ मध्ये बंगळुरूत, पुन्हा ३-२ नेच. त्या संघात धनपाल गणेश होता, उत्तर चेन्नईच्या व्यासर्पाडीचा. या कष्टकऱ्यांच्या वस्तीला लोक कौतुकाने छोटा ब्राझील म्हणतात. तेथील गल्ल्यांत मला आमच्या पेठांची आठवण येते. स्टेडियममध्ये शेजारी बसणारा अनोळखी माणूस ‘मच्चान’ म्हणून हाक मारतो. शब्दशः अर्थ मेहुणा, पण जिवलग मित्रालाही हेच म्हणतात. सौभाग्यवतींना हे नाते अजून पटलेले नाही.

पण या हौसेला एक काळजी चिकटली आहे. चेन्नई सिटी हा दुसरा संघ २०१८-१९ ची आय-लीग जिंकून देशात गाजला. घरचे सामने मात्र तो कोइम्बतूरला खेळत असे. दोनच वर्षांत तो राष्ट्रीय स्पर्धेतून दिसेनासा झाला. पुढे २०२५ मध्ये तर सुपर लीगच अडली. फुटबॉल महासंघ आणि स्पर्धा चालवणारी कंपनी यांच्यातील पंधरा वर्षांचा करार डिसेंबरात संपत होता, नवा काही ठरेना. जुलैत हंगाम स्थगित झाला, सप्टेंबर कोरडा गेला. १४ फेब्रुवारी २०२६ पासून आखूड स्पर्धा घेण्याचे जाहीर व्हायला जानेवारी उजाडला. कागदावरच्या एका सहीवाचून इतक्या घरांतला हंगाम थांबावा, हे माझ्या कोल्हापुरी मनाला झेपत नाही. पेठेला कोणी स्थगिती देऊ शकत नाही!

चेन्नईतही पेठेसारखे काही आहेच, ते स्थानिक लीगमध्ये. इंडियन बँक, दक्षिण रेल्वे, पेरांबूरचा डबे बांधणारा आयसीएफ कारखाना, असे नोकरदारांचे संघ. या खेळाडूंना सामन्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचे असते. प्रेक्षक थोडे, पण प्रत्येक जण कोणाचा तरी भाऊ, शेजारी किंवा सहकारी. मोठ्या संघात कोण जाईल याची पैज येथेच लागते. वर्तमानपत्रात या निकालांना दोन ओळी मिळतात, आणि माझ्या मते हा अन्याय आहे.

तेव्हा कधी चेन्नई सेंट्रलवर परतीच्या गाडीला चार-पाच तास असतील, तर प्रतीक्षालयात पेंगत बसू नका. स्थानिक लीगचे त्या दिवशीचे मैदान विचारून घ्या आणि मुलांना घेऊन जा. पाणी मात्र सोबत ठेवा, ऊन बाराही महिने कडक असते.